गाडीतल्या कापसाचा वास

पंतोजी, मुर्तिजापूरले चिंचेखाली तुमी गाडीत निजले होते, तवा तुमच्या अंगाखालच्या कापसावर मोहाची दारू म्याच शिंपडली होती. गाडीवाल्याचं मडकं लवंडलं नव्हतं. पैले हे सांगून टाकतो, नाही तं मी इकडचं तिकडचं बोलत बसन अन हेच राहून जाईन. माही खोड तुमाले ठाव हाय.

शाळेत तुमी मले बदडलं तेवढं धोब्यानं धोतर बदडलं नसन. चूक माहीच. तुमच्या घोंगडीखाली खाजकुयरी टाकनारा मीच होतो. मंग दहा-बारा वर्सांनी अमरावतीत कलालाच्या दारूच्या दुकानात आपली गाठ पडली. समुद्रापल्याड कुठं तरी लढाई लागली होती म्हने, अन इकडं कापसाले सोन्याचा भाव आला होता. मी माळ्याचं पोट्टं, वांगी-भाजी सोडून बोऱ्यात उतरून पायानं कापूस तुडवत होतो. तुमची शाळा दारूपायी गेली होती, अन तुमी त्याच बोऱ्यांवर काळ्या शाईनं व्यापाऱ्याचं नाव काढत होते. मले पाहून तुमी उपरनं तोंडावर घेतलं.

"राम राम, पंतोजी."

"मी पंतोजी नव्हे."

"मंग मले पाहून तुमचा हात छडी काहून शोधून राहिला?"

तुमी हसले. तुमाले हसता येते हेच मले ठाव नव्हतं. "बस, गधड्या," म्हनले. तवापासून आपुन संगंच बसू लागलो. लोक हसत, बामनाची अन माळ्याची जोडी म्हनत. हसू दे.

मंग अकोल्याहून तुमच्या लेकीचा निरोप आला. नातवाची मुंज हाय, शुद्धीवर असान तं या, नाही तं तोंड दाखवू नोका. तीन महिने होते. तुमी माह्याकडं आले अन म्हनले, "मला एकट्याला जमायचं नाही. तूही सोड."

"मी काहून? माह्या घरी थोडीच मुंज हाय?"

तुमी तुमचा थरथरता हात माह्या हाताजवळ धरला. माहा बी थरथरत होता. "माझ्या वयाचा होशील तेव्हा तुलाही कोणी तरी असाच निरोप धाडील," तुमी म्हनले.

शिक्षा बी तुमीच ठरवली. रोज सांजच्याले विहिरीपाशी एकमेकाचं तोंड हुंगाचं. वास आला तं भर बाजारात कान धरून उठाबशा. मी दोनदा सापडलो. तुमी मोजत होते अन हमाल पोट धरून हसत होते. तुमी एकदा सापडले. मी म्हनलं, दहा पुरे. तुमी म्हनले, "शिक्षेत भेद नको," अन पांढऱ्या मिशीनं चाळीस काढल्या. त्याच्यानंतर तुमी थेंबाले शिवले नाही. बोऱ्यावरची तुमची अक्षरं सरळ येऊ लागली. मी पाहत होतो.

खामगावच्या बाजाराले चाललेल्या गाडीत आपुन बसलो, अकोल्याले उतराचं म्हनून. मुर्तिजापूरले भर दुपारी बैल सोडले. तुमी कापसावर आडवे झाले. नातवाले अक्षरं गिरवाले रंगवलेली धुळपाटी उशाशी, अन मुंजीत नेसाची धोतरजोडी मळू नये म्हनून कापसातच खुपसलेली. समोर कलालाचं दुकान. मी निस्तं पाहाले गेलो, पंतोजी. दारूचा एक शिसा भरून घेतला, अर्धा तिथंच संपवला. मंग आठवलं, सांजच्याले तुमी हुंगसान. उठाबशाची भीती नव्हती. तुमचं तोंड उतरलं असतं, ते पाहवत नव्हतं. अन माह्या डोक्यात अक्कल चमकली. गाडीच वासानं भरली तं एकट्या तोंडाचा वास कोनाले लागन? वजन वाढवाले कापसावर पानी शिंपडाची आमाले सवय होतीच. तशीच दारू शिंपडली. सांजच्याले तुमी माहं तोंड हुंगून म्हनले, "काही कळत नाही रे, सगळीकडे तोच वास." गाडीवाल्याचं मडकं लवंडलं, मी म्हनलं, अन लई खूश झालो.

कापूस वास सोडत नाही, हे कापसात जलम घालवनाऱ्याले सुचलं नाही. अकोल्याले मोर्णा नदीवर तुमी आंघोळ केली अन ती धोतरजोडी नेसले. आदल्या दिवसापासून त्याच गाडीत बसून तुमचं नाक मेलं होतं. तुमी पान्यात होते तवा मी उरलेला शिसा बी संपवला.

अजून दिसते मले. जावई दारात हात जोडून येते, अन दोन पावलं मांगं सरते. लेक बाहेर येते. "बाबा, आजच्या दिवशीसुद्धा?"

"नाही गं. ह्याला विचार. हा रोज माझं तोंड हुंगतो."

सगळे माह्याकडं पाहून राहिले. एकच वाक्य पाहिजे होतं. पन तोंड उघडलं असतं तं बोलाच्या आदी वासच बाहेर आला असता. मी मान खाली घातली. तिनं काय समजाचं ते समजून घेतलं. तुमी धुळपाटी पायरीवर ठेवली अन वळले. आत सनई वाजत होती.

नदीवर आल्यावर तुमी म्हनले, "तोंड उघड." मी उघडलं. तुमी हुंगलं, अन म्हनले, "उठाबशा राहू दे."

म्हनजे मी प्यालो हे तुमाले कळलं होतं. तरी तुमी मांगं फिरून लेकीले सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं, पंतोजी? चार शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. त्याच सांजच्याले तुमी कलालाकडं गेले, मले न घेता. पुढच्या पावसाळ्यात जगातूनच गेले.

मी दारू सोडली. भेवानं सोडली म्हना. तुमची खबर अकोल्याले म्याच नेली, तवापासून दर दिवाळीले तुमची लेक मले ओट्यावर बसवून पान वाढे. पोराईले सांगे, "हे आजोबांचेच विद्यार्थी. ह्यांनी निश्चय केला अन सुटले. आजोबांना तेवढं जमलं नाही." अन मी, पंतोजी, करंजी खात मान हलवत होतो. एक-दोन नाही, वीस दिवाळ्या.

आता ह्या पोळ्याच्या आदी तीही गेली. म्हनून हा कागद लिहून राहिलो. धाडाले पत्ता नाही, अन असता तरी धाडला नसता. ती तुमच्यापाशी पोचली असन. दारात विचारलं तेच पुन्हा विचारन. ह्या खेपेले खरं सांगाचा तुमाले पुरा हक हाय. पन हात जोडतो, सांगू नोका. साऱ्या वऱ्हाडात मले भला मानूस म्हननारी ती एकटीच होती. तुमचं नाव धुवाले बसलो होतो, अन पाहा, इथं बी माहंच झाकून राहिलो. तिले सांगू नोका, पंतोजी. कोनालेच सांगू नोका.