पांढरी मान

आबा, परवा तो दिसला. आपला पांढऱ्या मानेचा सुतार पक्षी. पहूरच्या पुढे, डोंगराकडच्या त्याच अंजनाच्या रानात, जिथे तुम्ही दर रविवारी मला स्कूटरवरून न्यायचात. इतकी वर्षं त्या लबाडानं आपल्याला झुलवलं, आणि तुम्ही गेल्यावर आला ऐटीत, अगदी समोर. मला आधी त्याचा रागच आला, खरं सांगते.

रानात बोलायचं नाही, हा तुमचा कायदा. पक्षी ओळखला की दुसऱ्याच्या पाठीवर बोटानं ठोकायचं. एकदा ठोकलं की छोटा मराठा सुतार, पिवळ्या कपाळाचा. दोनदा ठोकलं की नेहमीचा सोनपाठी. आणि पांढऱ्या मानेचा दिसलाच, तर अख्खा तळहात पाठीवर टेकवायचा. या शेवटच्या दोघांच्या पाठीवरचं सोनं सारखंच, फरक काय तो मानेत. सोनपाठीची काळी, याची पांढरी. एकदा कोवळ्या उन्हात मला एक मान पांढरी भासली, मी घाईनं तळहात उचलला, तर तुम्ही मनगटच धरलंत. "सोनं देखीसन भुलू नको, पोरी. मान देख." रागावलात की तुमची धुळ्याकडची बोली हमखास बाहेर यायची. मी पुन्हा पाहिलं. काळीच होती.

पिंप्राळ्याला घरी आई आपल्या बापलेकीला चिडवायला टपलेलीच. "काय, आला का तुमचा पाहुणा? तो दिसेल त्या दिवशी मांडे करीन, जा!" मांडे म्हणजे भाजायचं मातीचं खापर माळ्यावरून काढा, पुरण वाटा, हातावर फिरवत एकेक मांडा मोठा करा, सगळा दिवस त्यात जाणार. असा दिवस उजाडायचाच नाही, याची तिला खात्री होती. तुम्ही आपले म्हणायचात, "खापर घासीसन ठेव."

शेवटच्या आजारपणात तुम्हाला धड दिसत नव्हतं. एकदा खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर ठकठक सुरू झाली, आणि तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून माझ्या मनगटावर दोनदा बोट आपटलंत. "नेहमीनाच शे." तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच.

परवा मी घाई केली नाही. लाल तुरा, सोनेरी पाठ, तरी थांबले. सालीत चोच खुपसून तो वळला आणि मान दिसली, दुधासारखी पांढरी, पार पाठीपर्यंत. माझा तळहात आपोआप शेजारी गेला. शेजारी कोण असणार? आबा, मी तिथेच हमसून हमसून रडले. तुमचा कायदा मोडला. तो उडून गेला.

घरी आले तर आईनं माझे डोळे पाहिले. "दिसला का गं?" या वेळी चेष्टा नव्हती. ती माळ्यावरच्या खापराकडे बघत होती. हो म्हटलं असतं, तर या वयातही तिनं मांडे केले असते, आणि पहिला मांडा घेऊन तुमच्या पाटाकडे वळली असती. मला ते बघवलं नसतं. मी म्हणाले, "नाही गं. नेहमीचाच होता." "बरं," म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

तिच्या हाती लागायला नको म्हणून हा कागद मी आत्ताच फाडणार आहे. आईशी खोटं बोलले, तुमच्याशी कशी बोलू? मान पांढरी होती, आबा. मी नीट पाहिली.