बादलीतला पंखा आणि तुझा नवरा

ती. सौ. ताईस,

वाकून नमस्कार करायला हवा, पण तुझ्या नवऱ्याचं स्टूल धरून उभं राहण्यात माझी कंबर गेली आहे. तेव्हा हा उभ्यानेच. तुझी तब्येत उत्तम असणार, विचारत नाही. भाऊजी इकडे आहेत ना!

चार दिवस राहतो म्हणून ते आले. (बॅग उचलतानाच मला शंका यायला हवी होती. चार दिवसांसाठी कोणी ड्रिल मशीन आणतं?) आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही, हे तुला माहीत आहे. कढईत मिरच्या पडल्या की सासूबाई खोकत खोकत जिन्यात जाऊन बसतात, आणि मीच त्यांना हाकलून दिल्यासारखे येणारेजाणारे माझ्याकडे बघतात. भाऊजींनी पहिल्याच सकाळी हे पाहिलं आणि जाहीर केलं, "विकतचा पंखा आणणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. आपण घरी करू." त्या 'आपण'मध्ये मीही होते, हे मला फार उशिरा कळलं. आमचे हे तर साडूभाऊ म्हणतील ती पूर्व दिशा. ऑफिसातून आले की शर्टाच्या बाह्या दुमडून हजर.

पंखा आमच्या जुन्या कूलरमधून निघाला. (कूलर चालू होता. 'होता' हा शब्द नीट वाच.) पंख्याभोवती गोल कवच हवं म्हणून माझ्या नव्या कोऱ्या बादलीचा तळ कापला गेला. पात्यांची टोकं आणि बादली यांच्यात बोटभरही फट राहता कामा नये, नाहीतर हवा मागे फिरते म्हणे. फट इतकी कमी ठेवली की पाती बादलीला घासून असा आवाज निघाला, की समोरच्या घरातलं मूल रडायला लागलं. मग पात्यांना कानस. कानशीचा चुरा माझ्या कणकेत. बादलीला जोडायला अॅल्युमिनियमचा चुण्यांचा नळ आणला. तो शेगडीवरून निघतो, भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडतो, पडद्याच्या दोऱ्यांना लटकत पॅसेजभर जातो आणि न्हाणीघराच्या झरोक्यात संपतो. घरात शिरणाऱ्याला वाटावं, अजगर पाळलाय.

भिंत फोडल्याचा आवाज ऐकून घरमालकीणबाई वर आल्या. केस नुकतेच रंगवलेले, अंगावर बाहेर जायची साडी. मी भाऊजींना डोळ्यांनी खुणावत होते, की गप्प बसा. पण तुझा नवरा! "या या, अगदी वेळेवर आलात. इथे उभ्या राहा आणि बघा धूर कसा बाहेर जातो," म्हणत त्यांना थेट शेगडीवरच्या नळाच्या तोंडाखाली उभं केलं आणि बटण दाबलं.

ताई, पंखा उलटा बसवला होता.

झरोक्याबाहेरच्या बोळकांडीत कबुतरांनी आजवर जे काही साठवलं होतं, ते सगळं, पिसांसकट, बाईंच्या ओल्या केसांवर येऊन बसलं. बाईंनी केसांतून एक पीस ओढून काढलं. मग म्हणाल्या, "घर रिकामं करा." आणि भाऊजी काय म्हणाले असतील? "पण जोर बघितलात ना हवेचा?"

मी आयुष्यात कोणावर इतकी ओरडले नव्हते. हे मध्ये पडायला आले, त्यांनाही त्यातच घेतलं. खाली जाऊन बाईंचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. शेवटी भिंत गिलावा करून, रंगवून द्यायची आणि दुपारी त्यांच्या झोपेच्या वेळी पंखा बंद ठेवायचा, या अटींवर घर वाचलं. भाऊजींनी मान खाली घालून पंखा सुलटा केला. आता धूर बाहेर जातो, पण पंखा सुरू असताना घरात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. मी मीठ मागितलं, तर ह्यांनी छत्री आणून दिली.

तेव्हा पत्र मिळताच निघ आणि आपला माणूस घेऊन जा.

तुझी संतापलेली,
धाकटी

ता. क. : सासूबाई परवापासून स्वयंपाकघरात माझ्या शेजारी बसून भाजी निवडतात. खोकला नाही. म्हणून मी भाऊजींना माफ केलंय, असं समजू नकोस.

ता. क. २ : भांडणात मी म्हणाले, "ताई तुम्हाला सोसते तरी कशी!" त्यावर ते पेचकस खाली ठेवून हळूच म्हणाले, "सोसत नाही गं. निवृत्त झाल्यापासून म्हणते, घरात तुमची नुसती अडगळ होते." मग उठून भिंत रंगवायला गेले. तेव्हापासून माझा सगळा राग तुझ्यावर वळला आहे. असं बोलतात का कोणी? आता तू येऊ नकोस. त्यांना फोन कर. मी लिहिलं हे सांगू नकोस. नुसतं म्हण, घरात अमुक मोडलंय, तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही, लगेच या. आणि मोडलेलं काही सापडलं नाही, तर मोड.