रिमोटची गाडी मी नेली आहे

बाबा,

फळीवर गाडी दिसत नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नका. मी नेली आहे. आजची शर्यत मी चालवणार आणि तुम्ही आईबरोबर हॉस्पिटलात जाणार. मागच्या खेपेला तपासणी बुडवून मैदानावर पळालात, ते आज चालायचं नाही. स्कूटरची चावीही माझ्याकडेच आहे. टॅक्सी दारात येईल.

गाडीच्या छोट्या इंजिनाच्या सायलेन्सरचे बोल्ट शर्यतीत पुन्हा सुटतील म्हणून जीव टांगणीला लावू नका. तुम्ही तेलकट आट्यांवरच थ्रेडलॉकचा गोंद लावत होतात, तो धरणार कसा? मी आटे थिनरनं धुतले, वाळवले, मग उष्णता सोसणारं थ्रेडलॉक लावून बोल्ट बसवले आणि रात्रभर हात लावला नाही. वर दोन्ही बोल्टांच्या डोक्यांना भोकं पाडून एकच तार पिळून बांधली आहे. आता एकाला सुटायची हुक्की आली तरी दुसरा सोडणार नाही. तुम्ही नुसतं जोर लावून आवळत बसायचात, म्हणून हे सांगितलं. राग आला तर संध्याकाळी काढा.

नियम मात्र तुमचाच पाळतेय. गाडीचा आवाज जरा बदलला, की बोल्ट गळून पडायची वाट बघायची नाही; तिथल्या तिथे थांबवायची आणि उघडून बघायची.

काल जिना चढून वर आलात, तेव्हा तुमच्या श्वासाचा आवाज बदलला होता. तुम्ही टीव्ही मोठा केलात, पण मी ऐकला.