तुमच्या मुलीच्या अल्बममधला मी

ती. बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कोर्टाच्या कागदानुसार तुम्ही आता माझे सासरे नाही, पण नमस्कारही बंद करा, असं त्या कागदात कुठे लिहिलेलं नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत उत्तम आहे. बिघडली तरी विचारणारं घरात कोणी नाही, म्हणून बिघडू देत नाही. चार वर्षांपूर्वी तुमची कन्या मला सोडून गेली, तेव्हा ‘ती माझी मुलगी नाही, तूच माझा मुलगा’ असं म्हणून तुम्ही माझी बाजू घेतलीत आणि तिच्याशी बोलणं टाकलंत, ते आजतागायत. त्या जोरावर मी ताठ मानेने फिरलो. म्हणून हे गाऱ्हाणंही तुमच्याकडेच आणतोय.

आमच्या कवळ्या बनवायच्या खोलीला आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या वेटिंग रूमला मिळून एकच पातळ भिंत आहे. गेल्या महिन्यापासून त्या भिंतीतून एक अल्बम पाझरायला लागला. कुठल्या बड्या कंपनीचा नाही, चौघांनी मिळून आपला आपणच काढलेला. म्हणायला रॉक, पण आदळआपट नाही. संथ गिटार, दबक्या पावलांचा ड्रम आणि एका बाईचा आवाज, कपड्यांच्या घड्या घालता घालता मनातलं सांगावं तसा. बाबा, मी प्रेमात पडलो. या वयात, प्लास्टरच्या धुळीत, दुसऱ्यांचे दात हातात धरून. पॉलिशचं मशीन मी बंद ठेवायला लागलो, कारण त्याच्या घरघरीत तिसरं गाणं बुडायचं. पाचव्या गाण्याला डोळे भरून यायचे, आणि भरल्या डोळ्यांनी लावलेले पुढचे दात सरळ बसत नाहीत. एका बस कंडक्टरची कवळी अशी झाली, की तो हसला की प्रवासी हळूच विचारतात, ‘कोण गेलं?’ शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ही गाणारी कोण हो? त्यांनी कव्हर पुढे केलं. कव्हरवर तुमची कन्या.

नऊ वर्षं, बाबा! नऊ वर्षं हाच आवाज माझ्या घरी बाथरूममध्ये गात होता आणि मी बाहेरून ‘नळ बंद कर’ म्हणून ओरडत होतो. तो मला ओळखूसुद्धा आला नाही. लाज वाटली, ती साधारण अर्धा दिवस टिकली. मग राग आला. कारण दहाच्या दहा गाण्यांत एकच पुरुष आहे आणि तो पक्का खडूस आहे. जेवताना पेपरातून मान वर काढत नाही. काहीही विचारलं की ‘बघू’ म्हणतो. दारातल्या चपला नीट लावतो, पण दारात उभी असलेली ती मात्र त्याला दिसत नाही. म्हटलं, झालं, चव्हाट्यावर मांडलं मला! काही तपशील जुळत नव्हते, नाही असं नाही. गाण्यातल्या माणसाला पिकलेल्या मिशा आहेत. मला मिशीच नाही. त्याच्या कानावर पेन्सिल असते आणि तो जन्मभर पुलांचे नकाशे काढतो. म्हटलं, कवींना एवढी सूट द्यावी लागते. कवळी तरी काय, तोंडातला पूलच. चडफडत रोज ऐकत राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, सुखावलोही. नवरा म्हणून नापास झालो, पण दहा गाणी पुरतील एवढं दुःख तरी माझ्या हातून झालं. मी तिला सात पानी पत्र लिहून धाडलं. प्रत्येक गाण्याबद्दल माझा खुलासा आणि शेवटी माफी.

असो. अशा मुलीशी तुम्ही बोलणं टाकलंत, ते योग्यच केलंत, एवढंच कळवायचं होतं.

आपला,
कागदोपत्री कोणीही नसलेला जावई

ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात तिचं उत्तर आलं. ‘सात पानं वाचली. त्यात तू कुठेच नाहीस. तुझ्यावर एक गाणं करायचा खरंच प्रयत्न केला, पण चाल लागेना. दहाही गाणी बाबांवर आहेत.’ जन्मभर पुलांचे नकाशे कोणी काढले, हे माझ्या टाळक्यात आधीच यायला हवं होतं. मी नऊ वर्षं संसार केला, मला एक ओळ नाही. तुम्ही चार वर्षं तोंड फिरवून बसलात, तुम्हाला अख्खा अल्बम. माझा नुसता जळफळाट होतोय.

आणखी एक ता. क. वर ‘योग्यच केलंत’ लिहिलंय, ते खोडून वाचा. अल्बम सोबत पाठवतोय. दहावं गाणं आधी ऐका. त्यात तो माणूस तिला फोन करतो, बाकी काही घडत नाही, आणि तिथे तिचा आवाज फाटतो. (मी तिला कधी फोन केलाच नव्हता, म्हणून मला तेच गाणं सगळ्यात खोटं वाटायचं.) विनंती एकच आहे : माझी बाजू सोडा. ती घेण्यासारखी नव्हतीच, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही सोडलीत की तिथे मी एकटाच उरेन, हेही मला कळतं. तिचा नंबर अजून तोच आहे.

शेवटचा ता. क. मी सांगितलं म्हणून फोन केला, असं तिला सांगू नका. (सांगितलंत तरी चालेल.)