उरलेले महिने

सोमवार, ३ जून
नोकरी लागली! विमा कंपनी, तिसरा मजला, खिडकीजवळची खुर्ची. भरपाईचा हिशोब माझ्याकडे नाही. ती देताना होणाऱ्या खर्चाचा आहे. डॉक्टरची तपासणी, वकिलाची फी, पत्रं. प्रत्येक फाइल अजून किती महिने चालेल ते मी लिहायचं, त्यावरून कंपनी पैसे बाजूला काढणार. कारखान्यात पाठ मोडल्यापासून दादाला याच कंपनीकडून दरमहा पैसे येतात. अंथरुणातूनच म्हणाला, माझाच वशिला लागला तुला. खूप हसलो.

गुरुवार, १३ जून
माझ्याकडच्या सगळ्या फायली कायमच्या जायबंदी माणसांच्या. माणूस गेला की फाइल बंद. बंद करणाऱ्या कारकुनाला सगळे पूर्णविराम म्हणतात. आज एका गवंड्यापुढे एक महिना लिहिला, एका शिवणकामवालीपुढे दोन. अंदाजच तो, थोडं इकडे तिकडे होणारच.

सोमवार, १५ जुलै
गवंडी परवा गेला. तेरा तारखेला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. खरं सांगते, बरं वाटलं.

मंगळवार, १३ ऑगस्ट
शिवणकामवाली आज गेली. तिचा अहवाल पुन्हा वाचला. तब्येत सुधारत होती. नवी यादी आली होती, सगळ्यांपुढे चारशे महिने लिहून टाकले.

बुधवार, १४ ऑगस्ट
यादी परत. साहेब अगदी गोड बोलले : एकूण बेरीज वरून ठरून येते, एकाचे वाढवलेत तर दुसऱ्याचे कापा. कापले. ड्रायव्हरचे, माळ्याचे, ज्यांची तोंडं मी पाहिली नाहीत त्यांचे. शेवटची फाइल उघडली. दादाची.

गुरुवार, १५ ऑगस्ट
आज सुट्टी, यादी घरी आणलीय. काय लिहू? कितीही लिहिले तरी मोजलेलेच. दादाचे दिवस मी मोजायचे? नाही लिहिलं काहीच. रकाना कोरा सोडला. माझ्याच हुशारीवर खूश झाले.

शुक्रवार, १६ ऑगस्ट
यादी गेली. पूर्णविराम दादाची फाइल घेऊन जात होता — विचारलं, कुठे — म्हणाला, बंद करायला. कोरा रकाना शून्यच धरतात, एवढंही कुणी सांगितलं नाही का तुम्हाला —

यादी परत द्या म्हटलं. चारशे लिहिते. माझे घ्या, माझे सगळे — साहेब जेवायला गेलेत —

वहिनीचा फोन. म्हणते, आत्ता तर बोलत होते, तुझंच कौतुक चाललं होतं, बोलता बोलता —