विमान मनमाडला वळत नाही

बाई, विमान मनमाडला वळत नाही. आठवीत असताना हे मी तुम्हाला सांगितलं होतं, आज पुन्हा सांगते. प्रश्न साधा होता: औरंगाबादच्या विमानतळापासून नागपूरचा विमानतळ किती लांब, आणि दिलेल्या वेगाने विमानाला किती वेळ लागेल? तुमची पद्धत ठरलेली. नकाशावर रेल्वेच्या रुळावरून दोरा फिरवायचा आणि तो प्रमाणपट्टीला लावायचा. मी दोरा सरळ ताणला. तुम्ही माझ्या उत्तरावर लाल फुली मारलीत. "मनमाडला गाडी बदलावी लागते, एवढंही ठाऊक नाही?" मी म्हटलं, "बाई, विमानाला कशाला बदलायची गाडी?" वर्ग हसला. तुमचा चेहरा अजून दिसतो मला. "पालेगावात शेण्या थापायच्या सोडून मला विमानं शिकवतेस? तुमच्या घरात कुणी जवळून बघितलंय विमान?" मी विचारलं, "तुम्ही बघितलंय का, बाई?"

गुण गेले, जाऊ देत. पण तुम्ही बाबांना बोलावलंत. कारखान्यात अर्ध्या दिवसाचा खाडा करून ते अंबरनाथच्या शाळेत आले, धुतलेला शर्ट घालून. सगळ्या वर्गासमोर तुम्ही त्यांना उभं केलंत. ते हात जोडून म्हणाले, "पोर आहे, बाई. चुकली." फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बरोबर कोण होतं?" म्हटलं, "मी." "मग गप चल." जो माणूस मुकादमापुढे मान खाली घालत नसे, त्याला तुम्ही एका दोऱ्यापायी वाकवलंत.

पुढे मी बी.ए. झाले आणि उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या तिकिटांच्या ऑफिसात लागले. पहिल्याच आठवड्यात विमानांच्या अंतरांचा तक्ता हाती आला. माझं उत्तर बरोबर होतं. नव्वदनंतर कधीतरी तुम्ही त्याच ऑफिसात आलात, नागपूरला मुलीकडे जायचं होतं म्हणून. काठी होती हातात. मला ओळखलं नाहीत. मुंबईहून लागणारा वेळ सांगितला, तर म्हणालात, "इतक्यात? गाडीला तर रात्र जाते." मी म्हटलं, "विमान सरळ जातं." तुम्ही काचेवर बोट फिरवत राहिलात. मग म्हणालात, "हो. एक पोरगी सांगत होती मला. तिचंच बरोबर होतं."

म्हणजे माहीत होतं तुम्हाला! मग आमचं पालेगाव किती लांब होतं, बाई? अंबरनाथहून चालत येण्याइतकं. बाबांना एवढं एक वाक्य ऐकवायला कुठलं तिकीट लागणार होतं? तुम्ही काउंटरशी आलात तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

तुम्हीही गेलात, त्यामुळे हे पत्र टाकायला पेटी नाही. एक मात्र कबूल करते. "ती पोरगी मीच," हे शब्द तेव्हा ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. तुम्ही माफी मागितली असतीत, तर मला ती द्यावी लागली असती. आणि बाबा नसताना ती मला द्यायची नव्हती.