मूठभर मैदा

प्रिय बाबा,

तुमचा चष्मा इथेच आहे, चपलांच्या कपाटावर. रागारागात आत्याकडे निघताना विसरलात. आत्या परवा फोनवर आईला सांगत होती की पेपरसुद्धा तीच तुम्हाला वाचून दाखवते. पत्राबरोबर चष्मा पाठवता आला असता. डबीत कापूस घालून मी तो नीट बांधलाही होता, मग पुन्हा सोडला. तेव्हा आत्या, हे पत्र तूच वाचणार आहेस. अक्षर सुवाच्य आहे, शुद्धलेखन मी दोनदा तपासलंय, त्यामुळे अडखळायचं कारण नाही. फक्त मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस. त्यांनी 'पुरे' म्हटलं तरी वाच.

आधी स्वयंपाकघराची खबर देतो, कारण तुम्हाला तीच ऐकायची असणार. जुनी कपाटं गवंडीकाकांनी पहारीने उचकटली, तर मागच्या भिंतीवर पीठच पीठ. वर्षानुवर्षांचं, ओल धरून घट्ट झालेलं, राखाडी. छिन्नी लावली तरी निघेना. गवंडीकाका म्हणाले, "अहो, या भिंतीत सिमेंट कमी आणि मैदा जास्त. घर उभं कसं राहिलं?" आई हसली. खूप दिवसांनी हसली म्हणून सांगतो. तुमच्यावर हसली म्हणूनही सांगतो.

काम चालू असताना आम्ही कसे राहिलो ते तुम्हाला कळायला हवं. बाहेरच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर छोटा ओव्हन, त्याच्या शेजारी आईची कॉट. भांडी बाथरूममध्ये, अंघोळीच्या बादलीत चमचे. दारांना प्लॅस्टिकचे पडदे लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या, तरी चहात सिमेंट, उशीवर सिमेंट, बोलायला तोंड उघडलं की दाताखाली कचकच. मी दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना फरश्यांचे नमुने दाखवायचो आणि घरी येऊन आमच्याच फरशीवरून गवंडीकाकांशी हुज्जत घालायचो. सिंकखालच्या दोन फरश्या किंचित वरखाली होत्या, त्या मी उखडायला लावल्या. "लग्न कर रे बाबा," ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या जिवाला दुसरा काहीतरी घोर लागेल." पण फटीत पीठ बसतं, बाबा. हे मला तुमच्याइतकं कुणी शिकवलेलं नाही.

आता तुमचं टेबल. स्वयंपाकघर सगळं उखडून टाकतो असं मी म्हटल्यावर "टेबलाला हात लावायचा नाही," हे तुमचं जातानाचं शेवटचं वाक्य होतं. बेकरी विकलीत आणि ते घरी आणलंत, तेव्हापासून ते स्वयंपाकघर आईचं राहिलंच नाही. मधोमध तुमचं टेबल, आणि ती अंग चोरून त्याला वळसा घालत चहा करायची. सुतार त्यावर हात फिरवून म्हणाला, "असलं लाकूड आता मिळत नाही, रंधा मारून देतो." मी त्याला फळ्यांमधल्या चिरा दाखवल्या. सुई घातली की मैदा निघत होता. ते टेबल मी त्याला देऊन टाकलं. परवा त्याच्या कारखान्यावरून गेलो, तर त्यावर प्लायवूडला सरस लावणं चालू होतं. तुमचे पावाचे साचेही गेले. ते रंगाऱ्याने मागितले. इतक्या वर्षांच्या भट्टीने काळे कुळकुळीत झालेले, तुम्ही कधी कुणाला घासू न दिलेले ते साचे. त्यांत आता ब्रश भिजत पडलेले असतात. ही सगळी नासधूस मी डोळ्यांनी बघितली, आणि मला वाईट वाटलं नाही. वाटेल म्हणून थांबलो होतो, पण नाही वाटलं.

आत्या, तुला यातलं निम्मंच ठाऊक असणार, म्हणून मागचंही सांगतो. आई पहिल्यापासून अशक्त होती. पोट दुखायचं, अंगाला काही लागायचं नाही. बाबा म्हणायचे, हिची प्रकृतीच तशी, पाप्याचं पितर. बेकरीच्या गल्ल्यावर तिला उभं राहवेना, म्हणून त्यांनी मला नववीतून काढून तिच्या जागी उभं केलं. शाळा सुटली तरी मी वह्या सोडल्या नाहीत, पावाच्या पुड्यांवरचे कागदसुद्धा वाचायचो, म्हणून बाबांनी माझं नाव ठेवलं 'मास्तर'. गिऱ्हाइकांसमोर हाक मारायचे, "मास्तर, जरा व्याकरण बाजूला ठेवा आणि पाव द्या." लोक हसायचे. मीही हसायचो.

मग गेल्या वर्षी नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिला गहू चालत नाही. गव्हात जो चिकटपणा असतो, ग्लूटेन, त्याने हिचं आतडं आतून खरवडलं जातंय, म्हणून हाडांपर्यंत काही पोचतच नाही. औषध काही नाही. गहू बंद, कणभरसुद्धा नको, हेच औषध. घरी येऊन आई म्हणाली, "म्हणजे मी जन्मभर यांचा पाव खाऊन आजारी पडत होते." ती हे नुसतं नवल म्हणून बोलली, पण बाबा, तुम्ही तिच्याशी आठवडाभर अबोला धरलात. आजार तिला झाला होता आणि अपमान तुमचा.

मी पाव शिकायला बसलो. तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, आणि चिकटपणासाठी इसबगोल. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "पोट साफ करायचं औषध पावात घालतोय. मास्तर, हा पाव खायचा की घ्यायचा?" बोलणं लागलं, पण तुम्ही चुकीचं बोलत नव्हतात. पहिले पाव खरंच विटेसारखे झाले. हे पीठ मळता येत नाही, ते भज्यांच्या पिठासारखं ओतावं लागतं. गरम कापलं की सुरीला लगदा चिकटतो. मी सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यात घातला. माझी चाळण वेगळी, वाडगे वेगळे, फडकी वेगळी धुवायची, साचाही नवा घेतलेला. फक्त त्याची तयारी तुमच्याकडे, कारण साच्याला तेल-पीठ लावण्यात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि 'तेवढं मी करतो' असं तुम्हीच म्हणाला होतात. मी तांदळाची पिठी वाटीत काढून द्यायचो. मला वाटलं, म्हातारा वळतोय.

आणि एक दिवस पाव फुगला. वर सोनेरी, आत जाळी. तुम्ही तुकडा तोडलात, वास घेतलात, अंगठ्याने दाबून बघितलात, आणि म्हणालात, "जमलं रे." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला मास्तर न म्हणता काहीतरी म्हणालात. मी कचरा टाकायचं निमित्त करून जिन्यात जाऊन बसलो होतो. डोळे पुसून वर आलो. हे तुम्हाला आजवर माहीत नव्हतं. माहीत असू द्या.

त्यानंतर प्रत्येक पाव तसाच यायला लागला. शेजारच्या काकूंनी एक मागून नेला. आणि आई मात्र बरी होईना. उलट खंगत चालली. एका सकाळी मोरीच्या कट्ट्यावर नुसता हात टेकला आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरात कुठूनतरी गहू जातोय. शोधा." त्यांनी माझ्याकडेच बघितलं, कारण स्वयंपाक मी करत होतो. बाबा, त्या दिवसांत मी काय काय केलं ते तुम्ही बघितलंत. पोळपाट फेकला. चाळण बदलली, परत बदलली. फडकी उकळली. नखं इतकी कापली की रक्त आलं. कामावरचे लोक डबे खायचे तिथे जाऊन बसायचं सोडलं, न जाणो माझ्या शर्टावरून घरी काही जाईल. आईच्या ताटापाशी यायला मी घाबरायला लागलो. आणि तुम्ही खुर्चीत बसून म्हणालात, "उगाच काळजी करतोस. होईल बरी."

मग तो दिवस. मी पेठेतून येत होतो, तुम्ही दारात काकूंशी बोलत होतात, आणि मी खालच्या जिन्यावर होतो. तुमचा आवाज बेकरीचा, चार घरं ऐकतील असा. "पोराला वाटतं त्याच्या इसबगोलाने पाव फुगतो," तुम्ही म्हणालात. "अहो, मूठभर मैदा मी टाकतो पिठात, साच्यालाही मैदाच लावतो, म्हणून फुगतो. बेकर मी आहे की तो?" काकू म्हणाल्या, "अहो, पण वहिनींना चालत नाही ना?" तुम्ही म्हणालात, "एका मुठीने कुणी मरतंय होय?"

तुमच्या मागे, उंबऱ्याच्या आत आई उभी होती. गळ्यात अडकवलेला, प्लास्टरमधला हात घेऊन. तिने सगळं ऐकलं. तुम्ही वळून तिच्या हाताकडे बघितलंत, मग जिना चढून आलेल्या माझ्याकडे, आणि आत जाऊन पिशवी भरायला लागलात. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. आत्याला मोठ्याने वाचायचं आहे. पण त्यातला एकही शब्द मी परत घेतलेला नाही, हे लिहितो.

मैद्याचा राग तर आहेच. पण ज्या पावामुळे मी जिन्यात बसून रडलो, तो माझा नव्हताच. माझ्या हाताने तुम्ही आईला रोज गहू चारलात, वर त्याबद्दल कौतुकही माझंच केलंत. शत्रूसुद्धा इतकं बेमालूम करत नाही.

आता नव्या स्वयंपाकघरात मी पाव करतो. मैद्याशिवाय पहिल्यांदा केला तेव्हा तो बसलाच. मग पाणी वाढवलं, पीठ जास्त वेळ झाकून ठेवलं, साच्यावर झाकण घालून भाजलं. तुमच्याइतका फुगत नाही. फुगणारही नाही. पण आई रोज सकाळी दोन काप खाते आणि दुपारी कॉटवर न पडता कपडे वाळत घालते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त सुधारलंय. तुम्ही जन्मात पावाबद्दल खोटं बोलला नाहीत, असं बेकरीत अभिमानाने सांगायचात. एकदा हा पाव माझ्यासमोर खा आणि आईच्या देखत सांगा कसा झालाय. मला तेवढंच हवंय. तो तुमच्या घशाखाली उतरताना मी बघणार आहे.

आणि नियम लिहितो, म्हणजे नंतर 'सांगितलं नाही' असं होणार नाही. या घरात कणीक येणार नाही, मैदा येणार नाही. तुम्हाला गव्हाचा पाव हवाच असेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून जिन्यात बसून खायचा. ती जागा चांगली आहे, मी बसलेलो आहे.

एक गोष्ट मला आवडत नाही. नवी खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, आणि रिक्षा थांबली की आई हातातलं काम ठेवून तिकडे बघते.

आता हे पत्र का, ते सांगतो. एवढं सगळं लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. आईचं प्लास्टर निघालंय, पण पेन अजून धरवत नाही. फोनवर तुम्ही तिच्याशी बोलायला येत नाही, आणि आपण दोघं एकमेकांचा आवाज ऐकला की भांडतो, म्हणून काल नवा ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "माझ्या नावाने त्यांना एक ओळ लिही." ओळ तिने सांगितली आणि माझ्याकडून परत म्हणवून घेतली. तीच आधी लिहिली असती, तर तुम्ही पुढचं काही ऐकलंच नसतं, पिशवी भरायला उठला असतात. तेवढं मी तुम्हाला ओळखतो. म्हणून ती शेवटी ठेवली. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि दार उघडायला मी येणार नाही. पण ओळ तिची आहे, त्यातलं अक्षर बदलायचा मला हक्क नाही. आई म्हणते: "ओटा झालाय. खिडकीशी तुमची खुर्ची ठेवलीय. हात धुऊन या."

तुमचाच,
मुलगा